सागाच्या वलयांत आदिलाबाद: पडीक शेताचे जंगल कधी झाले?

मंडळाच्या बैठकीत उतनूर आणि केरामेरी भागातल्या जुन्या जंगलहद्दींचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो. राखीव जंगलात, दाट सागवानात, मध्येच एखादा रुंद घेराचा मोह उभा दिसतो. त्याच्या फांद्या अगदी खालपासून आडव्या पसरलेल्या असतात. जवळ गोट्यांचा ढीग असतो, कधी बांधासारखी दगडांची ओळ असते. भोवतालचे साग मात्र सरळसोट आणि जवळजवळ एकाच जाडीचे. असा पसरलेला मोह दाटीत वाढत नाही, त्याला लहानपणापासून चारही बाजूंनी उजेड लागतो. सोबत आलेला गोंड म्हातारा सांगतो, "इथं आमची ज्वारी होती." कागद सांगतो, इथे जंगल होते. आता ऐकायचं कुणाचं?

हा वाद नुसत्या कुतूहलाचा नाही. आदिलाबादच्या इतिहासात 'हे जंगल होते की शेत' या एका प्रश्नावर गावे उठली आहेत आणि माणसे मेली आहेत. म्हणून या टिपणात मी तिसऱ्या साक्षीदाराकडे जायचे ठरवले आहे. तो साक्षीदार म्हणजे सागाच्या खोडातली वलये. त्याची साक्ष कशी वाचायची, ती कुठे भरवशाची आणि कुठे फसवी, एवढेच मांडतो.

साग वर्ष कसे लिहितो

उष्ण प्रदेशातली बरीच झाडे वर्षाचा हिशोब नीट ठेवत नाहीत. साग ठेवतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो पाने टाकतो, त्याची वाढ थांबते. पावसाच्या सुमारास नवी पालवी येते आणि सालीच्या आत नवे लाकूड तयार होऊ लागते. सुरुवातीच्या लाकडात पाणी वाहणाऱ्या नळ्या मोठ्या असतात, इतक्या की कापलेल्या बुंध्यावर त्या नुसत्या डोळ्यांना टाचणीच्या टोकाएवढ्या दिसतात. पुढे नळ्या बारीक होत जातात, लाकूड घट्ट होते आणि हिवाळ्याकडे वाढ मंदावते. पुढच्या वर्षी पुन्हा मोठ्या नळ्यांची रांग. दोन रांगांमधले अंतर म्हणजे त्या वर्षाची वाढ.

भारतीय झाडांची वलये वर्षाला एक अशी पडतात का, याचा पद्धतशीर अभ्यास डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत के. अहमद चौधरी यांनी १९३९-४० च्या सुमारास प्रसिद्ध केला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे भागातल्या सागाची वलये आणि हवामान यांचा संबंध तपासला. त्याच संस्थेतल्या अभ्यासकांनी केरळातल्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग मालिका उभी केली आणि तिच्यात एल निनोशी जोडलेल्या दुष्काळांच्या खुणा दाखवल्या. आपल्या शेजारचे काम म्हणजे प्राणहितेपलीकडच्या आलापल्लीचे. तिथल्या सागावरचा त्यांचा निबंध २०११ चा आहे. नुसत्या पावसाच्या आकड्यापेक्षा जमिनीत टिकलेल्या ओलीशी वलयांचे नाते अधिक जुळते, हे त्यात दिसते. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पाऊस किती पडला यापेक्षा तो मुरला किती, यावर पीक ठरते. साग त्याला अपवाद नाही.

सगळ्यांचे सांगणे आणि एकट्याचे सांगणे

आता मुद्द्याची गोष्ट. हवामानाचे अभ्यासक एका झाडावर विसंबत नाहीत. ते अनेक झाडांतून पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी काढतात, वलयांची रुंदी मोजतात आणि सगळ्या झाडांची सरासरी काढतात. एका वर्षी सगळ्यांचेच वलय अरुंद असेल तर तो दुष्काळ. १८७७, १८९९, १९१८, १९७२ ही देशभर पाऊस फसल्याची वर्षे. अशी वर्षे मैलाच्या दगडासारखी वापरून एका झाडाची वलये दुसऱ्याशी जुळवता येतात. या जुळवणीमुळेच मोजणीतली चूक सापडते.

पण सरासरी काढताना काहीतरी फेकले जाते. अमेरिकेतील अभ्यासक एडवर्ड कुक यांनी १९८० च्या दशकात वलयाच्या रुंदीची फोड सोप्या बेरजेने मांडली. त्यात झाडाच्या वयाचा भाग असतो, हवामानाचा भाग असतो, त्या झाडाच्या जवळपास घडलेल्या घटनेचा भाग असतो, सगळ्या रानावर आलेल्या घटनेचा भाग असतो, आणि उरलेले ते उरलेले. ज्याला पाऊस हवा आहे तो वयाचा भाग गणिताने काढून टाकतो आणि जवळच्या घटनेचा भाग सरासरीत बुडवतो. त्याच्या दृष्टीने ती गडबड असते. माझा मुद्दा हाच, की हवामानशास्त्र ज्याला गडबड समजून बाजूला ठेवते, तोच आपल्या गावाचा इतिहास आहे.

जवळची घटना म्हणजे काय? रानाच्या छताला पडलेले खिंडार. शेजारचे मोठे झाड वाऱ्याने पडले, विजेने वाळले किंवा कुऱ्हाडीने गेले, की वर आभाळ उघडते. खाली दबलेल्या झाडाला एकदम उजेड मिळतो, मुळांना पाणी मिळते. पुढची आठ-दहा वर्षे त्याची वलये रुंद येतात. मग आजूबाजूचे शेंडे मिळतात, खिंडार बुजते आणि वलये पुन्हा बारीक होतात. झाडाने शेजाऱ्याचे मरण आपल्या अंगावर लिहून ठेवलेले असते.

हे ओळखायची रीत हिशोबाची आहे. कोणतेही एक वर्ष घ्या. त्याच्या आधीच्या दहा वर्षांची सरासरी रुंदी काढा, नंतरच्या दहा वर्षांची काढा. समजा आधीची दीड मिलिमीटर आणि नंतरची तीन, म्हणजे वाढ शंभर टक्के. १९९७ मध्ये नोवाकी आणि एब्रम्स या अमेरिकन वनअभ्यासकांनी पंचवीस टक्क्यांच्या वरची वाढ ही खिंडाराची खूण मानली. इतर काहींनी पन्नास आणि शंभर टक्के अशा कडक पायऱ्या ठेवल्या. दहा वर्षे घेण्याचे कारण सरळ आहे. एखाद-दुसरा चांगला पाऊस त्यात विरून जातो, उजेड मात्र टिकतो. रानातल्या सगळ्याच झाडांत तेव्हाच वाढ दिसली तर आधी पावसाकडे बोट दाखवायचे. एका तुकड्यातल्या झाडांतच दिसली, तर त्या तुकड्यात काहीतरी घडले होते.

सागाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. सागाला सावली सोसत नाही. दाट छताखाली त्याचे रोप वर येत नाही, मूळ जिवंत ठेवून शेंडा वाळतो, पुन्हा फुटतो, पुन्हा वाळतो. म्हणून एका वयाच्या सागांचा सलग तुकडा दिसला, की तिथे एके काळी मोकळे आभाळ होते हे नक्की. ब्रह्मदेशात ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच वनखात्याने हेरली होती. डिट्रिश ब्रँडिस यांच्या काळात तिथल्या करेन लोकांच्या डोंगरशेतात पिकाबरोबर सागाची रोपे लावून घेतली जात. लोक शेत सोडून पुढे गेले की मागे सागाची लागवड उभी राहायची. तिथल्या भाषेतला डोंगरशेताचा शब्द 'तौंग्या' असा वनशास्त्राच्या पुस्तकांत कायमचा बसला. म्हणजे फिरती शेती आणि साग यांचे वैर नाही, नाते आहे.

कागदावरचे जंगल

आता आदिलाबादकडे. निजामाच्या राज्यात १३२६ फसलीचा, म्हणजे १९१६-१७ चा जंगल कायदा झाला आणि पुढच्या काळात राखीव हद्दी आखल्या गेल्या. डोंगरावरच्या हलक्या जमिनीत गोंड आणि कोलाम काही वर्षे पीक घेत आणि मग ती जमीन पडीक टाकत, पुन्हा कस येईपर्यंत. पट्टा बहुतेकांजवळ नव्हता. हद्द आखणारा आला तेव्हा जी जमीन पिकाखाली नव्हती ती जंगलात धरली गेली. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा रेल्वेमार्ग जोडला गेला. रेल्वेने सागाला बाजार दिला आणि माणसांनाही वाट दिली. १९४० मध्ये जोडेघाट परिसरात कुमरम भीम आणि त्यांचे साथीदार उभे राहिले, त्यामागे हाच जमिनीचा आणि जंगलाचा प्रश्न होता. भीम पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले.

त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञांकडून इथल्या प्रश्नाचा अहवाल घेतला. ते मारलावाईत राहिले, 'ट्रायबल हैदराबाद' हे अहवालांचे पुस्तक १९४५ मध्ये आले आणि 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' १९४८ मध्ये. पडीक जमिनी जंगलात गेल्याची आणि गोंडांच्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्याची हकीगत त्यांनी मांडली. पुढच्या काही वर्षांत जिल्ह्यातल्या आदिवासींना दीड लाख एकरांहून अधिक जमिनीचे पट्टे दिले गेले. याच कामात आपले सेतुमाधवराव पगडी होते. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो, पण 'अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे पुस्तकही त्यांचेच.

'बाहेरून आलेले' या शब्दांत आपण आहोत, हे इथे सांगितलेच पाहिजे. पैनगंगा ओलांडून आलेली मराठी घरे, त्यात माझे घरही. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे 'बाहेरून' म्हणजे नक्की कुठून, असा वाद घालता येईल. पण गोंडाच्या बाजूने पाहिले तर तो वाद फारसा उपयोगाचा नाही.

फसली सनाचा घोळ

वलये आणि कागद जुळवताना एक बारीक चूक मी स्वतः केली, ती इतरांनी करू नये म्हणून लिहितो. हैदराबादी फसली सन आझूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेत ५९० मिळवायचे, पुढच्या महिन्यांत ५९१. म्हणजे १३५० फसली हे ऑक्टोबर १९४० पासून ऑक्टोबर १९४१ पर्यंत. त्या सनातला पावसाळा सनाच्या शेवटी येतो, तो १९४१ चा. साग वलय धरतो पावसाळ्यात. तेव्हा '१३५० फसलीत तोड झाली' असे कागदात असेल तर तोड हिवाळ्यात झाली असली काय आणि उन्हाळ्यात झाली असली काय, झाडाच्या अंगावर तिचा पहिला परिणाम १९४१ च्या वलयात किंवा त्यानंतर शोधायचा. मी सरसकट ५९० मिळवत गेलो आणि एक वर्षाने चुकत राहिलो. एक वर्ष म्हणजे काही नाही, असं वाटतं. पण १९४० च्या आधी की नंतर, हाच प्रश्न असेल तर एक वर्षच सगळं असतं.

तुळईची गोष्ट

आमच्या जुन्या घराचा एक भाग उतरवला तेव्हा सागाच्या तुळईचा वीतभर तुकडा मी मागून घेतला. मी इंजिनियर माणूस, मोजायला मिळालं की खूश. टोकाचा भाग पॉलिश पेपरने घासला, आधी जाड, मग बारीक, मग अगदी बारीक. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं आणि मोजायला बसलो. पहिल्या खेपेला ७१ वलयं आली. दुसऱ्या खेपेला, दुसऱ्या त्रिज्येवर, ६८. तीन वलयं गेली कुठं?

भिंगाखाली पुन्हा पाहिलं तेव्हा कळलं. पावसाने मध्ये मोठी ओढ दिली आणि नंतर पुन्हा जोर धरला, की साग कधी कधी एकाच वर्षात दोन पट्टे टाकतो. खोटं वलय. त्याचा पट्टा हळूहळू पुसट होत जातो, खऱ्या वलयासारखी मोठ्या नळ्यांची ठाम रांग त्यात नसते. उलटही होतं. दाटीत दबलेलं झाड एखाद्या बाजूला वलय टाकतच नाही. म्हणून एकाच रेषेवर मोजून आकडा सांगणारा माणूस, मग तो मीच का असेना, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तरी त्या तुकड्यात मधल्या भागात वलयं एकदम रुंद झालेली दिसत होती, बरीच वर्षं रुंदच राहिलेली. मी आनंदाने उडालोच. खिंडार सापडलं! मग शांतपणे विचार केला. तुळई तासताना बाहेरचं पांढरं लाकूड आणि साल गेलेली. शेवटचं वलय कोणत्या सालचं, ते सांगायला काही आधार नाही. झाड कोणत्या डोंगरावरचं, ते घरात कुणाला ठाऊक नाही. शेजारच्या दहा झाडांचं काय, तेही नाही. म्हणजे माझ्याजवळ एक घटना होती, पण तिला ना वर्ष होतं ना ठिकाण.

अमेरिकेत ए. ई. डग्लस यांची अडचण हीच होती. नैर्ऋत्येकडच्या जुन्या वस्त्यांतल्या तुळयांची मालिका त्यांच्याकडे होती, जिवंत झाडांचीही होती, पण दोन्हींचा सांधा जुळत नव्हता. १९२९ मध्ये शो लो या गावी एक जळका वासा सापडला, त्याची वलये दोन्ही मालिकांवर बसली आणि शेकडो वर्षांच्या घरांना एका दमात तारखा मिळाल्या. आपल्याकडे जुनी घरे रोज पडतात. तुळया सॉ मिलवर जातात, त्यांच्या चौकटी आणि फळ्या होतात. प्रत्येक तुळईबरोबर सांधा जुळण्याची एक शक्यताही जाते.

साक्ष कुठे थांबते

वलयांवर फार भार टाकू नये, म्हणून मर्यादा स्पष्ट करतो.

एका वयाच्या सागांचा तुकडा म्हणजे शेतच होते, असे नाही. वनखाते स्वतः जंगलाचे कूप पाडून ठरलेल्या वर्षी तोड करते, त्यातूनही एका वयाचे साग येतात. म्हणून कूपांच्या नोंदी आधी पाहिल्या पाहिजेत. मोठ्या वणव्यानंतरही तसेच होते. बुंध्यापासून फुटलेल्या सागाचे वलय त्या फुटव्याचे वय सांगते, मुळाचे नाही. कोवळ्या वयात साग एरवीही रुंद वलये धरतो, तेव्हा गाभ्याजवळची रुंदी ही एकटी पुरावा होत नाही. आणि जिवंत झाडाला गिरमिट लावणे हे अभयारण्यात आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय करायचे काम नाही. कवल हे १९६५ पासून अभयारण्य आणि २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. हौसेने तिथे कुणी गिरमिट घेऊन जाऊ नये.

मग याचा उपयोग काय? २००६ चा वनहक्क कायदा आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ ही तारीख धरतो. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे दाखवावी लागतात. हिशोब १९३० पर्यंत मागे जातो. उपग्रहाची छायाचित्रे तेवढी मागे जात नाहीत. कायद्याचे नियम वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, बांध, विहीर, स्मशान, देवस्थान अशा खुणा पुरावा म्हणून मान्य करतात आणि एकाहून अधिक पुरावे मागतात. जून २०२३ मध्ये आसिफाबादला पोडू पट्ट्यांचे वाटप सुरू झाले, राज्यभरात सुमारे दीड लाख लोकांना सुमारे चार लाख एकरांचे. ज्यांचे दावे त्यात बसले नाहीत, त्यांचा प्रश्न उभाच आहे.

आज जे शेत आहे तिथे साग नाही, तेव्हा वलये थेट त्या शेताची साक्ष देणार नाहीत. पण जे शेत सुटले, ज्यावर रान आले आणि जे नंतर 'मूळचे जंगल' म्हणून गणले गेले, त्याची साक्ष तीच देऊ शकतात. म्हाताऱ्याच्या तोंडी ज्वारी असेल, मोहाच्या फांद्या खालपासून पसरलेल्या असतील, गोट्यांचा ढीग असेल, कूपाच्या नोंदीत तिथे तोड नसेल आणि भोवतालच्या सागांचे पहिले वलय एका ठराविक काळात सुरू होत असेल, तर या पाच गोष्टी मिळून जे सांगतात ते एकट्या कागदाला सहज खोडता येणार नाही.

आपल्यासारख्या मंडळाला हे करता येईल, एकही झाड न तोडता. जुने घर उतरत असेल तर तुळईचे टोक, शक्यतो साल किंवा पांढरे लाकूड शिल्लक असलेले, मागून घ्या. घर कधीचे, लाकूड कुठून आणले, हे घरच्यांना विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा. वादळाने पडलेल्या किंवा खात्याने रीतसर तोडलेल्या सागाच्या बुंध्याचा, शेजारी मोजपट्टी ठेवून, वरून फोटो घ्या. मोजणी दोन रेषांवर करा आणि दोन माणसांनी वेगवेगळी करा. फसली सनात महिना पाहून मिळवणी करा. आणि म्हाताऱ्यांचे आधी ऐका. लाकूड थांबू शकतं, ते थांबू शकत नाहीत.

माझ्या तुळईचा तुकडा अजून टेबलावर आहे. त्यातल्या रुंद वलयांच्या वर्षी कुणाचे तरी झाड पडले असेल, किंवा कुणाचे तरी शेत सुटले असेल. आमचे घर मात्र त्या लाकडावर उभे राहिले. ते वर्ष कोणते, हे मला अजून शोधायचे आहे.